बंदुकीचा परवाना आणि शेजाऱ्याची गवाही

माणदेशात बंदूक दिसते ती बँकेच्या दारात. दहिवडीला जा, म्हसवडला जा, नाहीतर पलीकडे आटपाडीला. दाराशी स्टुलावर एखादा निवृत्त फौजी बसलेला असतो. मांडीवर आडवी दुनळी बंदूक आणि कमरेला काडतुसांचा पट्टा. पैसे काढायला आलेल्या बायाबापड्या त्याच्याकडूनच स्लिप भरून घेतात. ती बंदूक पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या नावावरची असते. सातारा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या पोरे सैन्यात गेली. सतरा-अठरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आत परत आलेल्या माणसाचे घर इथल्या कोरडवाहू रानावर चालत नाही. मग तो शस्त्र परवाना काढतो, बारा बोअरची बंदूक घेतो आणि बँकेत, पतसंस्थेत किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. त्याच्या दृष्टीने परवाना म्हणजे दुसरी नोकरी.

दुसरा माणूस आपल्या भागात तितकाच ओळखीचा आहे, तो म्हणजे गलाईवाला. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. केरळ-तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ पेठ असेल तिथे आपल्याकडचे गलाई दुकान सापडते. त्याच्या हातात रोज दुसऱ्याचे सोने असते. परमुलूख, परकी भाषा, रात्री दुकान बंद करून खोलीवर जायचे. असा माणूस बंदुकीचा परवाना मागतो तेव्हा त्याला हौस आहे असे कुणी म्हणणार नाही.

तिसरा अर्जदार अलीकडचा. कुठे ठेकेदारीत, कुठे जमिनीच्या व्यवहारात, कुठे पवनचक्कीच्या कामात पैसा आला. पांढरी गाडी आली, चार पोरे मागेपुढे फिरू लागली. आता शर्टाच्या खाली काहीतरी फुगलेले दिसले पाहिजे. आपल्या जिवाला धोका आहे असे तो अर्जात लिहितो. गावाला मात्र त्याच्यापासूनच धोका वाटत असतो.

या तिघांसाठी कायदा एकच आहे आणि पायरीही एकच, जिल्हाधिकारी कार्यालयाची. कोणाच्या हातात बंदूक द्यावी हे तिथे कसे ठरते, आणि ते ठरताना आपल्यासारख्या साध्या माणसांचा त्यात किती वाटा असतो, हे सांगण्यासाठी हा लेख. आमच्या मते तो वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे.

हक्क नव्हे, परवानगी

अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपल्याकडे तसा हक्क नाही, आणि तो राहून गेला असेही नाही. आपल्या घटनाकारांनी वाद घालून तो बाहेर ठेवला.

यामागचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८५७ नंतर इंग्रजांना प्रजेच्या हातातल्या शस्त्राची धास्ती बसली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियन माणसाला मात्र सूट. या कायद्यात सगळ्यात जास्त झोंबली ती ही भेदाची रेघ. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांची जी यादी मंजूर केली तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

स्वातंत्र्यानंतर, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत घालावा म्हणून संविधान सभेत दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की, काँग्रेसची जुनी मागणी परक्या सरकारच्या भेदभावाविरुद्ध होती. आता सरकार आपले आहे. कुणीही बाजारात जावे आणि हवे ते हत्यार विकत घ्यावे अशी मोकळीक दिली तर राज्य चालवणे शक्य होणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तिथे ‘शांततेने आणि विनाशस्त्र’ ही अट आहे.

त्या जुन्या सवलतींचे अवशेष अजूनही आहेत. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडव समाजाला काही प्रकारच्या बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे, ती केंद्र सरकारने २०२९ पर्यंत पुढे चालू ठेवली आहे.

या साऱ्याची एक आठवण आपल्या समाजातही आहे, आडनावाच्या रूपात. सातारा-सांगलीत शिकलगार हे नाव ठायी ठायी आढळते. मूळ शब्द अरबी ‘सैकल’, म्हणजे धातूला लखलखीत करणारा. तलवारी, कट्यारी, भाले यांना पाणी देणारे, धार लावणारे हे कारागीर. शस्त्रांचा जमाना गेला, आणि शिकलगारांची सहाण कात्र्या, विळे, सुऱ्यांकडे वळली. त्यांची नातवंडे आज इंजिनिअर आहेत, शिक्षक आहेत. बरेच झाले, असे आम्हाला वाटते.

आजचा कायदा १९५९ चा. त्याचे नियम २०१६ मध्ये नव्याने झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती, ती पाच झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनपरवाना पिस्तूल सापडले तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद. बेकायदा बनवणे-विकणे असेल तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. सगळी कलमे इथे देत बसत नाही.

बीट हवालदार येतो तेव्हा

परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे परवाना मिळत नाही. बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते: केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. गरीब मेंढपाळ आणि कारखानदार या बाबतीत कायद्यापुढे सारखे आहेत.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यांच्याकडून चौकशीसाठी पोलिसांकडे येतो. कायद्यानेच ही चौकशी जवळच्या पोलीस ठाण्याकडे सोपवली आहे. साताऱ्यात बसलेल्या साहेबांना म्हसवडच्या किंवा एखाद्या वाडी-वस्तीवरच्या माणसाची काय माहिती असणार? ती बीट हवालदाराला असते, आणि त्याला नसली तर तो गावात येऊन विचारतो. पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो, दुकानदाराला विचारतो. माणूस कसा आहे? भांडखोर आहे का? दारू पितो का? भावकीत बांधाचा वाद आहे का?

आणि आपण काय सांगतो? “बरा माणूस आहे साहेब. काही तक्रार नाही.” चहा येतो, जबाबावर सही होते. ज्याच्या घरातून महिन्यातून दोनदा बाईच्या रडण्याचा आवाज येतो, ज्याने मागच्या पावसाळ्यात बांधावर कुऱ्हाड उगारली होती, त्याच्याबद्दलही आपण हेच सांगतो. वाईटपणा कशाला घ्या? उद्या तोच दारात उभा राहील. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण वर जो कागद जातो तो आपल्या या ‘बरा माणूस’वर उभा असतो, हे लक्षात घ्यायला हवे.

कागदावरची चौकशी किती महागात पडते याचे उदाहरण दूरचे आहे, पण जखम आपल्या जवळची आहे. १५ मार्च २०१९ रोजी, जुम्माच्या दिवशी, न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च शहरात अल नूर मशीद आणि लिनवूड इस्लामिक सेंटर इथे एका माणसाने नमाजींवर गोळ्या झाडल्या. ५१ माणसे शहीद झाली. त्या हल्लेखोराकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. ऑस्ट्रेलियातून तिथे राहायला आल्यावर काही महिन्यांतच त्याला तो मिळाला होता. न्यूझीलंडच्या पद्धतीत अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींना पोलीस विचारतात, त्यातली एक जवळची नातेवाईक असावी लागते. या माणसाची बहीण ऑस्ट्रेलियात होती, म्हणून तिच्याऐवजी एक मित्र चालवून घेतला; ती मैत्री बहुतेक इंटरनेटवरच्या खेळातली. दुसरी गवाही दिली त्याच मित्राच्या घरच्या वडीलधाऱ्या व्यक्तीने. ही माणसे अर्जदाराला खरोखर किती ओळखतात याची नीट तपासणी झाली नाही, असे पुढे शाही चौकशी आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले.

हल्ल्यानंतर महिन्याच्या आत त्या देशाच्या संसदेने लष्करी धाटणीच्या बहुतेक स्वयंचलित-अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. बाजूने ११९ मते, विरोधात १. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मारली गेल्यावर असेच केले होते आणि लोकांकडून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या होत्या. या दोन्ही देशांचे कौतुक होते ते रास्तच आहे. पण आमच्या मनात राहतात ती त्या अर्जावरची दोन नावे. त्यांनी खोटे सांगितले असेल असेही नाही. जेवढे माहीत होते तेवढे सांगितले असेल. ते पुरेसे आहे का, हे विचारणारा कुणी नव्हता.

गवाहीचे मोल आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. सूरह निसामध्ये इन्साफावर ठाम उभे राहून अल्लाहसाठी गवाही देण्याचा हुकूम आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. हा आशय आपण जुम्माच्या खुत्ब्यात कितीदा ऐकलेला असतो. निकाहाच्या मजलिशीत गवाह म्हणून बसताना आपण टोपी नीट करून बसतो. हवालदारापुढचा जबाबही गवाहीच आहे. समोर सांगायची भीती वाटत असेल तर ठाण्यात जाऊन अधिकाऱ्यांना एकांतात सांगता येते.

घरातल्या बाईला कोण विचारतो?

कॅनडात बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर पती किंवा पत्नीची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी स्वतः तिला कळवतात. पूर्वीच्या जोडीदारालाही यातून वगळलेले नाही. आमच्या वाचक भगिनींनी ही तरतूद दोनदा वाचावी. आपल्याकडे चौकशीला आलेला माणूस ओसरीवर बसतो, पुरुषांशी बोलतो आणि जातो. आतून चहाचा कप बाहेर येतो, तो देणाऱ्या हाताला कुणी काही विचारत नाही. वास्तविक त्या घरातल्या पुरुषाचा राग, त्याची नशा, त्याची रात्रीची बडबड तिच्याइतकी कुणाला माहीत असणार? कायद्याने पोलिसांना तिचा जबाब घ्यायला मनाई नाही. विचारण्याची पद्धत पडलेली नाही, एवढेच. ती पडावी, आणि अर्जातच तशी जागा असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बंदूक घरात आली की चोराची भीती कमी होते, असे वाटते. अमेरिकेत डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट दिसला होता, आणि तो मुख्यतः घरच्यांच्या किंवा ओळखीच्या माणसांच्या हातून. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण कर्जाने खचलेला माणूस, दारूचा अंमल आणि उशाशी भरलेली बंदूक, यांचा हिशोब कळायला अमेरिकेचा अभ्यास लागतो असे नाही.

बंदूक परवानाधारकाच्या हातातच राहील याची खात्री कुणी द्यावी? ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली. गोळ्या झाडणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते, आणि परवाना उत्तर प्रदेशातला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका विद्यमान आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. परवाना देताना अंगरक्षकाची चौकशी झाली असेल. मालकाची कोण करणार? परमुलखातल्या आपल्या गलाई बांधवांनीही हे लक्षात ठेवावे. परवान्यावर तो कुठवर चालतो ते क्षेत्र लिहिलेले असते. राहण्याचा जिल्हा बदलला की नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांकडे नोंद करावी लागते. आपली बंदूक भाच्याच्या किंवा नोकराच्या हाती देऊन गावी यात्रेला येणे हा गुन्हा आहे.

शस्त्राला अटी घालणे आपल्या दीनला नवे नाही. हिजरी सन ६ मध्ये हुदैबियाचा तह झाला, त्यातले एक कलम शस्त्रांबद्दलचे होते: पुढच्या वर्षी मुसलमानांनी मक्केत यावे, तीन दिवस राहावे, पण सोबत प्रवाशाची तलवार, तीही म्यानात, एवढेच असावे. वर्षाने प्रेषित मुहम्मद (स.) उमऱ्यासाठी आले तेव्हा बाकीची शस्त्रे हरमच्या हद्दीबाहेर पहाऱ्यात ठेवली आणि अट तंतोतंत पाळली. मशिदीतून, बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याची टोके हातात धरावीत, चेष्टेतसुद्धा भावाकडे शस्त्र रोखू नये, उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देऊ नये, या अर्थाच्या हदीसा प्रसिद्ध आहेत. सही बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आहे. मिनामध्ये त्यांच्या तळपायाला भाल्याचे टोक लागले. सत्ताधारी हज्जाज विचारपूस करायला आला आणि म्हणाला, कुणी जखमी केले ते कळते तर बरे झाले असते. त्यांनी उत्तर दिले ते असे की, हे तूच केलेस. ज्या दिवशी शस्त्र घेऊन फिरत नसत त्या दिवशी तू ते येऊ दिलेस, हरममध्ये आणू दिलेस. भाला कुणाचा होता हे त्यांनी विचारलेही नाही.

अर्जाशिवाय येणारी बंदूक

इथवर वाचून कुणी म्हणेल, चौकशी आणि परवाना हे सरळ माणसासाठी. गुंड कुठे अर्ज करतो? खरे आहे. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना शिक्षा व्हायला मे २०२४ उजाडले. मधल्या काळात कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे, धारवाडला एम. एम. कलबुर्गी, बंगळूरला गौरी लंकेश गेल्या. मार्च २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या मोरणा खोऱ्यात, गोळीबारात दोघांचा जीव गेला. गावठी कट्टे मध्य प्रदेशच्या सीमेवरून, बिहारच्या मुंगेरकडून येतात आणि वर्तमानपत्रात आठवड्याला एखादी बातमी असते: देशी बनावटीचे पिस्तूल आणि जिवंत काडतुसे जप्त, आरोपीचे वय २२.

त्या वयाकडे पाहावे. आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून हे अगदी जवळून दिसते. दहावीतल्या पोराच्या मोबाइलवर कमरेला पिस्तूल खोचलेल्या ‘भाई’ची रील असते. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा, खाली पाचशे लाइक. त्या पोराला हे माहीत नसते की जिल्हाधिकाऱ्यांचा शस्त्रबंदीचा आदेश महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघतच असतो, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र नियमांत येतात. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या अवजारांना त्यातून वगळले आहे, म्हणून आपल्या मुलाणी बांधवांचा सुरा किंवा कुर्बानीची सुरी हा गुन्हा ठरत नाही. पण तीच सुरी भर चौकात उगारून रील काढली की ती अवजार राहत नाही.

‘आर्म्स अ‍ॅक्ट’चा गुन्हा नोंदला गेला की पोलीस भरती गेली, सैन्य भरती अवघड झाली, पासपोर्टच्या पडताळणीत नाव अडकले. आखाती देशात नोकरीला जाण्याची वाट तिथेच बंद. आणि आपल्या पोराचे नाव आरोपी म्हणून छापून आले तर बातमी त्याच्या एकट्याची राहत नाही, ती साऱ्या मोहल्ल्याची होते. हे अन्यायाचे आहे, पण आहे. पोराकडे कट्टा आला की पहिल्यांदा कळते ते घरातच: कपाटाला नवे कुलूप, गादी उचलू न देणे, अवेळी येणारे फोन. अशा वेळी आईने गप्प बसू नये. वस्तू कुणाच्या घरात लपवायला देणे किंवा विहिरीत टाकणे हा उपाय नव्हे. एखादा जाणता वकील सोबत घेऊन ठाण्यात जावे. त्याचीही किंमत मोजावी लागेल, पण गोळी सुटल्यानंतरची किंमत वेगळी असते.

समाजात एक कुजबुज नेहमी ऐकू येते, ‘आपल्याला कोण परवाना देणार?’ कायद्यात धर्माचा रकाना पाहून नाकारण्याची सोय नाही. परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर ती द्यावी लागतात. सार्वजनिक हिताचा अपवाद सोडला तर. त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. सोन्याचांदीचा धंदा आहे, खराखुरा धोका आहे, त्याने जरूर अर्ज करावा आणि नकार आला तर लेखी कारण मागावे. मात्र दंगलीच्या भीतीने घरोघर बंदुका असाव्यात असे बोलणारे काहीजण भेटतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. भीतीच्या दिवसांत एका मोहल्ल्यात बंदूक आली की दुसऱ्यात दोन येतात.

भीती खरी आहे हे आम्ही जाणतो. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी रायफलीतून गोळ्या झाडल्या. त्याचा वरिष्ठ अधिकारी आणि तीन मुसलमान प्रवासी मारले गेले. त्या रायफलीला परवाना लागत नव्हता. कामावरच्या सरकारी सेवकाला शस्त्र कायद्यातून सूट आहे. म्हणून गणवेशातल्या माणसाच्या मनाची तपासणीही नागरिकाइतकीच काटेकोर, आणि नियमित, व्हावी ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे.

माणूस पारखून विश्वास टाकण्याचा एक प्रयोग आपल्याच मातीत झालेला आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथे १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यातले कैदी, पण भोवती तुरुंगाची भिंत नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिली माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी. कुणावर विश्वास ठेवायचा हे तिथे कागद पाहून नव्हे, माणसाजवळ राहून ठरत होते.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण याबद्दल घरोघर घोळ असतो. परवानाधारक वडील किंवा आजोबा वारले की त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो. बंदूक भिंतीवर, माळ्यावर, धान्याच्या कणगीत पडून राहिली तर ती बिनपरवाना ठरते, मग ती ठासणीची जुनी का असेना. ती लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी. वारसांपैकी कुणाला ती ठेवायची असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. बाकीच्या वारसांची ना हरकत सोबत जोडावी. वडील हयात असतानाही, त्यांचे वय ७० झाले असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षे असेल, तर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. कुणालाच नको असेल तर तसे लिहून द्यावे, ती विकता येते किंवा सरकारजमा करता येते. निवडणुकीच्या काळात जमा करण्याची नोटीस आली तर तारीख पाहून जावे, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे का ते तिथेच उभे राहून वाचून घ्यावे.